ग्रीक–रोमन कला आणि महाराष्ट्र

प्राचीन ग्रीस व रोम येथील कलावस्तू, घडणीची तंत्रे आणि वास्तुरूपे यांचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध दोन वेळा आला : प्रथम सातवाहन काळात, सागरी व्यापाराच्या ओघात, आणि नंतर एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश राजवटीच्या आश्रयाने. पहिल्या वेळी वस्तू आल्या, परंतु त्यांच्यामागील कलादृष्टी येथे रुजली नाही. दुसऱ्या वेळी मूळ वस्तू फारशा आल्या नाहीत. त्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती आणि प्रमाणबद्धतेचे नियम आले व त्यांच्याबरोबर इतर सर्व कलांचे मोजमाप करण्याची एक फूटपट्टीही आली. या फूटपट्टीने मागे वळून सातवाहन काळही मोजला गेला. त्यामुळे महाराष्ट्रातील प्राचीन शिल्पवास्तूंविषयीच्या लेखनात ‘ग्रीक प्रभाव’, ‘रोमन प्रभाव’ हे शब्द कधी पुराव्यानिशी, तर कधी केवळ सवयीने वापरलेले आढळतात. प्रत्यक्ष अवशेष काय सांगतात, हे त्यापासून वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक सागरवर्णनात पैठण, तेर (तगर), कल्याण आणि चौल या महाराष्ट्रातील स्थळांचा निर्देश येतो. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटालियन मद्य, तसेच राजासाठी चांदीची भांडी व गाणारी मुले यांचा उल्लेख आहे. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो सांगतो; म्हणजे या व्यापाराला राजकीय अडथळेही होते. नेवासे, तेर, तुर्भ्याच्या (ट्राँबेच्या) किनाऱ्यासमोरील घारापुरी बेट अशा ठिकाणी भूमध्य समुद्राच्या प्रदेशातील मद्यकुंभांची (अँफोरा) खापरे मिळाल्याचे उत्खनकांनी नोंदविले. मात्र अलीकडे, विशेषतः रोबेर्ता टॉम्बर यांच्या तपासणीनंतर, भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी बरीच खापरे मेसोपोटेमियातील डांबर लावलेल्या निमुळत्या रांजणांची असल्याचे दिसून आले आहे. तांबड्या झिलईच्या मृत्पात्रांचेही तसेच झाले. ती रोमन भांड्यांची नक्कल होय, असे एके काळी मानले जाई. आता ती देशी परंपरेतीलच समजली जातात. खापराच्या बाबतीत असा फेरविचार होऊ शकतो, तर शिल्पाच्या बाबतीत तो करण्यास हरकत नसावी.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा ठेवा कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाला. एके ठिकाणी साठवून ठेवलेल्या ब्राँझच्या वस्तूंचा हा संच प्रा. कुंदणगार यांच्या खोदकामात उजेडात आला आणि त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्यांचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. ठेव्यातील बहुतेक वस्तू देशी असून थोड्याच परदेशी आहेत. परदेशी वस्तूंत पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहान मूर्ती, एक सुबक सुरई आणि पर्सियस व अँड्रोमेडा यांच्या कथेचे उठावचित्र असलेली चकती या विशेष प्रसिद्ध आहेत. रिचर्ड डी प्यूमा यांनी या वस्तूंची पुन्हा छाननी करून १९९१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्यानुसार हा माल मुख्यतः इ. स. पहिल्या शतकातील रोमन जगातील ठरतो.

पोसायडनची ही मूर्ती वीतभरही उंच नाही. देवता नग्न व दाढीधारी असून देहाचा भार एका पायावर पडल्याने कमरेला व खांद्यांना परस्परविरुद्ध उतार आला आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील शिल्पकार लायसिपस याच्या परंपरेशी ही ठेवण जोडली जाते. हातातील त्रिशूळ आज नाही. मूर्तीची घडण सफाईदार आहे. छाती व पोटाचे स्नायू थोडक्यात, पण चुकीशिवाय दाखविले आहेत. तरीही हे पहिल्या प्रतीचे ग्रीक शिल्प नव्हे. एका नामांकित घाटाच्या प्रतीवरून प्रती काढणाऱ्या कारखान्याचे ते काम होय. रोमन साम्राज्यात घरगुती देव्हाऱ्यासाठी किंवा शोभेसाठी अशा लहान मूर्ती मोठ्या संख्येने ओतल्या जात. ‘दक्षिणेत सापडलेले ग्रीक कलेचे अस्सल लेणे’ असे तिचे कौतुक करताना हा भेद सहसा विसरला जातो.

त्याच ठेव्यात स्वारांसह हत्तीची एक छोटी देशी ब्राँझमूर्ती आहे. पोसायडनच्या शेजारी ठेवल्यास ती प्रथम ओबडधोबड भासते. हत्तीचे पाय आखूड आहेत, स्वारांची शरीरे संक्षिप्त आहेत आणि शरीरशास्त्राचा आग्रह कोठेही नाही. परंतु हत्तीचा जडपणा, त्याच्या चालीतील संथ झोक आणि पाठीवर बसलेल्या माणसांचे एकमेकांशी जुळलेले अंग हे सारे एका आकारात कोंबून बसविण्याचे जे कसब तीत आहे, ते पोसायडनच्या कर्त्याजवळ नव्हते. त्याला त्याची गरजही नव्हती, कारण त्याच्यापुढे तयार घाट होता. कार्ल्याच्या स्तंभशीर्षांवरील हत्ती आणि स्वार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा ब्राँझचा हत्ती त्याच कुळातील असल्याचे चटकन ओळखू येईल. कलादृष्ट्या ठेव्यातील श्रेष्ठ वस्तू कोणती, असा प्रश्न केल्यास प्रस्तुत लेखकाचा कौल हत्तीच्या बाजूने पडेल. पोसायडनचे महत्त्व आहे ते इतिहासाचा साक्षीदार म्हणून. दोन्ही वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहातील आहेत.

ही मूर्ती कोल्हापुरात कोणत्या हेतूने आली? ती परदेशी व्यापाऱ्याने जवळ बाळगलेली देवता असेल, सधन गृहस्थाने हौसेने घेतलेली शोभेची वस्तू असेल किंवा मोडीच्या धातूत तांबटाकडे आलेला नगही असू शकेल. तिची स्थानिक नक्कल मात्र मिळालेली नाही. सातवाहन काळातील एकाही देशी मूर्तीत त्या कंबरेच्या झोकाचा किंवा त्या स्नायूरचनेचा अभ्यास केल्याचे दिसत नाही. वस्तू पाहिली गेली, तिची किंमत दिली गेली, ती जपलीही गेली; परंतु ती आदर्श ठरली नाही. प्रभावाच्या चर्चेत हा नकारात्मक पुरावा फार मोलाचा आहे.

याच व्यापाराने उलट दिशेने गेलेल्या वस्तूचे उदाहरण अधिक बोलके आहे. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अलंकारांनी मढलेली ही स्त्री व तिच्या दोन बाजूंच्या दासी असा हा समूह असून त्याच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे. ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते, पण ती यक्षिणी असण्याचा संभव अधिक. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्याने तिची घडण मराठवाड्यात झाली असावी, असे मत पुढे आले. हे मत सर्वमान्य झालेले नाही. मात्र या घाटाचे काम येथे होत होते, एवढे निश्चित. पाँपेईतील या मूर्तीचा तेथील शिल्पावर परिणाम झाला, असे कोणी म्हणत नाही; आणि तसे म्हणू नये हे योग्यच आहे. मग हाच न्याय कोल्हापूरच्या पोसायडनला लावताना संकोच का वाटावा?

कारागिराने परक्याकडून जे घेतले, ते निराळ्या पातळीवर घेतले. तेर, पैठण, नेवासे येथे आणि आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) कोंडापूर येथे पांढऱ्या केओलिन मातीच्या, आतून पोकळ अशा लहान मूर्ती मिळाल्या आहेत. पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत दाबून नंतर त्या जोडावयाच्या, हे यांचे तंत्र. भूमध्य प्रदेशात ते दीर्घकाळ रूढ होते आणि तेथूनच ते दख्खनमध्ये आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण या साच्यांतून निघालेले चेहरे, केशरचना, कर्णभूषणे व मेखला पूर्णतः येथल्या आहेत. रोमन नाण्यांचीही अशीच गत झाली. त्यांवरून मातीच्या टिकल्या उठवून व त्यांना भोके पाडून त्या गळ्यात घालण्याचे दागिने केले गेले. सम्राटाचा मुखवटा तेथे राजमुद्रा राहिला नाही, ताईत झाला. तंत्र घ्यावे, रूप आपले ठेवावे, असा हा व्यवहार होता व तो करणारा कारागीर कोणाच्याही दडपणाखाली नव्हता.

वास्तूच्या क्षेत्रात हा प्रश्न लेण्यांतील यवनांच्या शिलालेखांमुळे उभा राहतो. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांचा वाचक. पुढे तो पश्चिमेकडील परकीयांना सरसकट लावला गेला. जुन्नर येथील लेखांत इरिल, चिट व चंद या यवनांनी अनुक्रमे पाण्याची टाकी, भोजनमंडप व लेण्याचे दर्शनी काम दान दिल्याचा निर्देश आहे. नासिकच्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणे उत्तरेकडील दत्तामित्री नगरीच्या धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या योनकाने खोदविले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. त्यांत सिंहध्वज, धर्म अशी नावे येतात. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयी मतभेद आहेत. दाते स्वतः समुद्रमार्गे आलेले ग्रीक होते, की वायव्येकडून आलेल्या व भारतीय झालेल्या यवनकुळांतील होते, हेही नावांवरून ठरविता येत नाही. गंमत अशी, की नासिकच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव शक, यवन व पल्हव यांचा विनाशक म्हणून करते. राजप्रशस्तीतील यवन शत्रू होता, तर त्याच डोंगरातील दुसऱ्या लेण्यातील यवन आईवडिलांच्या पुण्यासाठी दान देत होता.

कार्ल्याचे चैत्यगृह इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास कोरले गेले. ते सु. ३८ मी. लांब असून त्यात सदतीस स्तंभ आहेत. मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंच्या स्तंभांची घडण बहुतांशी सारखी आहे : पायऱ्यापायऱ्यांचे पीठ, त्यावर घट, घटातून वर उगवल्यासारखा अष्टकोनी दंड, घंटाकृती शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवरील स्त्रीपुरुष युगुले. आता पाहण्यासारखी गोष्ट ही, की यवनाने दिलेला स्तंभ आणि शेजारी दुसऱ्या कोणी दिलेला स्तंभ यांत घाटाचा फरक नाही. त्यावरील लेख वाचल्याशिवाय दाता ओळखता येत नाही. पन्हळीदार दंड नाही, आयोनिक शैलीची वळणदार शिंगे नाहीत की कॉरिंथियन शैलीची पानेही नाहीत. याच सुमारास तक्षशिलेजवळ जंडियाल येथील मंदिरात आयोनिक स्तंभ उभे होते आणि गांधार प्रदेशात ग्रीक–रोमन रूपे बौद्ध कथांच्या सेवेत सर्रास रुजू झाली होती. म्हणजे तशी रूपे भारतात अज्ञात नव्हती. कार्ल्याच्या यवनांनी ती मागितली नाहीत किंवा मागूनही शिल्पी श्रेणीने ती दिली नाहीत. पहिली शक्यता अधिक संभवनीय वाटते. त्यांना पुण्यकर्मात वाटा हवा होता, स्वतःच्या देशाची खूण नको होती.

कार्ल्याची तुलना ग्रीक मंदिराशी करण्याचा मोह जुन्या यूरोपीय लेखकांना झाला आणि ती अगदीच निरर्थक नाही. दोन्ही ठिकाणी दगडाने लाकडाची आठवण जपली आहे. डोरिक मंदिराच्या छताखालील पट्टीवर ज्या उभ्या खाचांच्या चौकटी दिसतात, त्या लाकडी तुळयांच्या टोकांचे पाषाणरूप होत, असा एक प्राचीन समज आहे. कार्ल्याच्या गजपृष्ठाकार छताला तर खऱ्याच लाकडी कमानी बसविलेल्या असून त्यांपैकी अनेक आजही टिकून आहेत. येथील एका लेखात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. दगडाच्या दर्शनी भागावर सुताराचे नाव यावे, याहून बोलका पुरावा कोणता? परंतु साम्य येथेच संपते. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलेल्या पार्थेनॉनचा स्तंभ वरचा भार खरोखर पेलतो. म्हणूनच त्याचा दंड मधोमध किंचित फुगीर ठेवला आहे. भार पेलताना स्नायू ताणला जावा तसा. कार्ल्याच्या स्तंभावर भार नाही. डोंगर आपला आपण उभा आहे. स्तंभ काढून घेतले तरी छत बहुधा राहील. येथे वास्तू रचलेली नाही, पोकळी कोरून काढली आहे. स्तंभांचे काम भार वाहण्याचे नसून भाविकाची पावले व दृष्टी स्तूपाकडे नेण्याचे आहे. ग्रीक मंदिर बाहेरून पाहण्यासाठी आहे, त्याच्या अंतर्भागात सामान्य भक्ताला फारसे स्थान नव्हते. चैत्यगृहाचे सारे वैभव आत आहे आणि ते मोठ्या कमानीतून झिरपणाऱ्या प्रकाशात हळूहळू उमलते. एकाच्या कसोटीने दुसऱ्यास उणे ठरविणे म्हणजे होडीला चाके नाहीत अशी तक्रार करण्यासारखे आहे. कार्ल्याच्या निर्मात्यांजवळ स्वतःची कसोटी होतीच. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपल्या लेखात या शैलगृहाला जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हटले आहे.

सुट्या अलंकरणांत मात्र पश्चिमेकडील काही रूपे आली, हे नाकारण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या एका स्तंभावर स्फिंक्ससारखी आकृती आहे. भाजे येथील विहारात मानवी धडाचे व पशुदेहाचे प्राणी दिसतात. त्यांपैकी किती ग्रीसचे, किती इराणचे आणि किती येथल्याच किन्नरकल्पनेचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. भाजे येथील रथारूढ देवतेस कित्येकांनी सूर्य मानून तिचे ग्रीक हीलिऑसशी नाते लावले. पण रथाखाली चिरडले जाणारे अवाढव्य असुर, शिळेच्या पृष्ठावर पसरत गेलेली त्यांची ढगांसारखी शरीरे ही कल्पना ग्रीक शिल्पात बसत नाही. आणि देवता सूर्यच आहे, यावरही एकमत नाही.

प्रभावाचा हा अट्टहास कोठून आला, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाकडे वळावे लागते. जेम्स फर्ग्युसन हा भारतीय वास्तूंचा पहिला मोठा इतिहासकार. लेण्यांची त्याने केलेली वर्गवारी आजही आदराने वाचावी अशी आहे. परंतु भारतीयांनी दगडाचा वापर बॅक्ट्रियातील ग्रीकांच्या संपर्कानंतर सुरू केला, हे त्याचे मत होते आणि राजेंद्रलाल मित्र यांनी त्यास विरोध करताच १८८४ मध्ये त्याने एक संपूर्ण पुस्तक त्यांच्या खंडनार्थ लिहिले. त्यातील स्वर केवळ विद्वत्तेचा नाही. नेटिवाने प्रमाणशास्त्रात तोंड घालावे, हाच त्यास अपराध वाटला. याउलट महाराष्ट्राच्या लेण्यांतील यवनांची खरी ओळख करून दिली ती भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या लिपितज्ज्ञांनी. जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. अलंकरणावरून तर्क करणाऱ्यांपेक्षा अक्षरे वाचणाऱ्यांनी या प्रश्नाला अधिक उजेड दिला, असेच म्हणावे लागेल.

त्याच काळात मुंबईत ग्रीक वास्तुरूपे नव्याने उभी राहत होती. कर्नल टॉमस काउपर याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. उंच पायऱ्यांची रांग आणि त्यांवरील पन्हळीदार डोरिक स्तंभ यांमुळे ही मुंबईतील ग्रीक पुनरुज्जीवन शैलीची सर्वांत भारदस्त वास्तू ठरली. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिच्यातच आहे. वास्तू म्हणून ती खरोखर चांगली आहे. तिची प्रमाणे नेटकी आहेत, पायऱ्यांची चढण माणसाला सन्मानाने वर नेते, आणि उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवर विसावणाऱ्या मुंबईकराला ती परकी वाटत नाही. परंतु कार्ल्याच्या यवनाने येथल्या घाटाचा स्तंभ दिला होता. काउपरने डोरिक स्तंभ उभा केला. दाता आणि सत्ताधारी यांतील अंतर एवढ्यावरून मोजता येते. पुढे मुंबईच्या सरकारी इमारती गॉथिक वळणावर गेल्या आणि ग्रीक शैलीचा जोर ओसरला.

तिचा खरा मुक्काम पडला तो १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत. ग्रीक–रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून रेखाटन करणे हा तेथील अभ्यासक्रमाचा पाया होता. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे पांढऱ्या, थंड आणि मूळ दगडाचा स्पर्शही नसलेल्या देवतांच्या छायाप्रकाशाचे चित्रण केले. त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात व भित्तिचित्रांच्या नकला करवीत. ग्रिफिथ्स यांना अजिंठ्याविषयी खरे प्रेम होते. पण तेथील मरणासन्न राजकन्येच्या चित्राची थोरवी सांगतानाही त्यांना फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथील चित्रकारांची साक्ष काढावी लागली. एकाच शाळेत दोन गुरू होते आणि परीक्षा मात्र एकाच्याच पद्धतीने होत असे.

या परिस्थितीतून निर्माण झालेली सर्वांत उल्लेखनीय कृती म्हणजे गणपतराव म्हात्रे यांचे मंदिरपथगामिनी (१८९६) हे शिल्प. म्हात्रे त्या वेळी विद्यार्थीदशेतच होते. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली ही तरुणी प्लॅस्टरमध्ये घडविलेली आहे. भारतात शिल्प व चित्र या ललित कला म्हणून अस्तित्वातच नाहीत, असे १८८० मध्ये लिहिणाऱ्या सर जॉर्ज बर्डवुड यांनी या शिल्पाची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि ती ग्रीक आदर्शाच्या संदर्भात केली. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी त्या स्तुतीस हरकत घेतली व वाद झाला. रवींद्रनाथ टागोरांनीही या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला. स्तुती व हरकत घेणारे दोघेही इंग्रज एकाच मुद्द्यावर भांडत होते : हे ग्रीक कितपत आहे?

शिल्पाकडे या वादापलीकडे जाऊन पाहिल्यास काय दिसते? अंगाला बिलगलेले वस्त्र आणि त्यातून जाणवणारा देह ही युक्ती म्हात्रे प्रतिकृतींवरून शिकले, यात शंका नाही. देहाचा तोलही त्याच शिकवणीचा. पण ग्रीक वस्त्र खांद्यावरून खाली गळते. त्याच्या चुण्या गुरुत्वाकर्षणाने ठरतात. नऊवारीचे तसे नाही. ती कमरेला खोचलेली, मागे कासोटा घातलेली, पायांना वळसे घेणारी असते. तिच्या चुण्या नेसणाऱ्या हातांनी ठरविलेल्या असतात. म्हात्रे यांनी हा फरक नेमका पकडला आहे. जेथे कासोट्यामुळे वस्त्र ताणले जाते व निऱ्यांमुळे साठते, तेथे त्यांची करणी शिकवलेल्या पाठापासून सुटते आणि स्वतःच्या घरात, आळीत पाहिलेल्या बाईकडे जाते. चेहरा मात्र काहीसा शाळेतलाच राहिला आहे. त्यावर प्रतिकृतींची शांती आहे, देवळाच्या वाटेवरची लगबग नाही. पुढील आयुष्यात म्हात्रे यांना मुख्यतः राजेरजवाडे, अधिकारी व दानशूर गृहस्थ यांच्या स्मारकपुतळ्यांची कामे मिळाली. अहमदाबादचा राणी व्हिक्टोरियाचा पुतळा त्यांचाच. त्या कामांत कौशल्य वाढले, परंतु निऱ्यांपाशी सापडलेली ती वाट पुढे फारशी चोखाळली गेली नाही.

डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या काळात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, ईजिप्त, ॲसिरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पांचे एकत्रित प्रदर्शन भरले होते. लंडन, बर्लिन व लॉस अँजेल्स येथील संग्रहालयांतून मूळ शिल्पे त्यासाठी आणली गेली. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ज्यांच्या कुळातील शिल्पांच्या केवळ प्लॅस्टर प्रती पाहिल्या होत्या, ती मूळ संगमरवरी शिल्पे भारतीय मूर्तींच्या बरोबरीने, एकाच दालनात पाहण्याची संधी मुंबईकरांना तेव्हा मिळाली.